चौदा नंबरचं लेकरू

कट्ट.

दुपारच्या निवांतपणात बाहेरच्या खोलीत अडकित्त्याने सुपारी फोडली आणि आतल्या खोलीत शामलाचा हात दचकला. पेन्सिलीची रेघ कडेवरून घसरून बाहेर गेली. कागदावरच्या गोल गरगरीत पेशीला बघता बघता एक बारीकसा पाय फुटला.

"आत्याबाई, जरा हळू फोडा ना. उपी झोपली आहे."

"सुपारी हळू कशी फोडतात वं? शिकवून दे मले," तुळसाबाई बाहेरून म्हणाल्या. "अन् झोपलेल्या लेकराची काळजी तू नको करू. तू आपले आंबोडे काढत बस."

तुळसाबाईंच्या लेखी सून दुपारभर आंबोडेच, म्हणजे डाळीचे वडेच, काढत बसायची. गोल, लांबट, चेपलेले, कडेला फाटलेले. सून एवढी बी.एस्सी. झालेली, सरकारी प्रयोगशाळेत लागलेली, आणि घरी आणते काय, तर आंबोड्यांचे फोटो! नंदनवन वस्तीतल्या बायकांना त्या हे अगदी कौतुकाने सांगायच्या.

शामलाने रबराने तो पाय खोडला आणि फोटोवरचा पारदर्शक कागद पुन्हा नीट बसवला. अठ्ठ्याऐंशी सालचा जानेवारी होता. प्रयोगशाळेतली तिची नोकरी तात्पुरती होती, पण बोकारे सरांनी तिला एक सवलत दिली होती: सकाळी तिथे यायचं, आणि रेघा काढायचं काम दुपारी घरी न्यायचं. चार वर्षांची उत्पला एक ते तीन झोपायची. तेवढे दोन तास शामलाचे. तिचा नवरा आनंदराव मालगाडीवर गार्ड होता. बल्लारशाच्या फेरीवर गेला की दोन-दोन दिवस घरी नसायचा. म्हणजे त्या दोन तासांत तिला हाक मारणारं कुणीच नसे. जगात आपण आणि ह्या पेशी, एवढंच.

पेशी रक्तातल्या होत्या, पांढऱ्या. अंगात कुठे काटा रुतला, खरचटलं, की त्या तिकडे धावतात. धावतात म्हणजे सरपटतात. त्यांना पाय नसतात. जिकडे जायचं तिकडे आपल्याच अंगाचा एक भाग पुढे काढायचा, त्यावर भार टाकायचा, मागचं अंग ओढून घ्यायचं. म्हणून चालणारी पेशी एका आकारात कधी सापडत नाही. आत्ता जिभेसारखी लांब, दहा सेकंदांनी चिंचेच्या बुटकासारखी वाकडी, आणखी दहा सेकंदांनी पसरलेल्या पंजासारखी. सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा लावून दर दहा सेकंदांनी एक फोटो घ्यायचा, फोटोवरून पेशींच्या कडा कागदावर उतरवायच्या, आणि मग त्या कडा संगणकाला समजावून सांगायच्या. कोणती पेशी किती बदलली ते संगणक सांगतो.

बोकारे सर ज्या मुलांच्या जखमा वारंवार चिघळतात, भरता भरत नाहीत, त्यांच्या आजाराच्या मागे होते. दहा आजारी मुलं, दहा निरोगी. कोण कोणतं ते रेघा काढणाऱ्याला कळता कामा नये, कारण हात दयाळू असतो. म्हणून नाव नाही, फक्त नंबर. एक ते वीस. यादी सरांच्या कपाटात, खाकी पाकिटात, लाखेने बंद.

आज चौदा नंबर होता.

तीस फोटो. एकेका फोटोत पंधरा-वीस पेशी, इतर मुलांच्या दुप्पट. आणि सगळ्या गोल. पहिल्या फोटोत गोल, दुसऱ्यात गोल, दहाव्यात त्याच जागी, तशाच गोल. विसाव्या फोटोपर्यंतही तेच. घरात एवढी माणसं, आणि दारावर थाप पडते आहे तर एकही उठत नाही.

कोणाचं असेल हे लेकरू? भिवापूरकडचं कुणी असेल, मिरच्या तोडणाऱ्या बाईचं? इतवारीतल्या एखाद्या हमालाचं? त्याच्या आईला कुणी सांगितलं असेल की अजून नाही? ती बाई ह्या क्षणी काय करत असेल? भाकरी थापत असेल. तिला माहीतही नसेल की इथे नंदनवनात एक अनोळखी बाई तिच्या लेकराच्या रक्ताच्या कडा गिरवते आहे. शामला रेघ अगदी हलक्या हाताने ओढत होती. जोरात ओढली तर त्या लेकराला दुखेल, असं काहीतरी वेडं तिच्या मनात होतं.

उत्पला कूस बदलून पालथी झाली. तिची नडगी उघडी पडली. तीन आठवड्यांपूर्वी सायकलच्या स्टँडवर आपटली होती. जखम अजून तशीच होती. कोरडी, कडेला जांभळट, मधे खोल. शामलाने गोधडी ओढून घातली.

"भरली का वं तिची?" तुळसाबाई सुपारी चघळत दारात आल्या.

"नाही हो. पण पू नाही झाला."

"होणारच नाही. माह्या नातीचं रक्त साफ आहे. शेजारच्या पोट्ट्यायचे पाय पाह्य, नुसता पू वाहते. हिले जन्मापासून एक थेंब नाही. किती वेळा लागलं, किती वेळा सुजलं, पण पू म्हणशीन तर नाव नाही."

हे घरातलं जुनं कौतुक होतं. शामलालाही ते पटलेलं होतं. एवढं की सरांनी निरोगी मुलं शोधा म्हणून सांगितलं, कुणाचीच आई सुईला तयार होईना, तेव्हा शामला पुढे होऊन म्हणाली होती, "माझी मुलगी आणते, सर. तिला कधी पू होत नाही." सर तेव्हा कसलेसे कागद चाळत होते. त्यांनी वर न पाहता मान हलवली. पंधरवड्यापूर्वी, कडाक्याच्या थंडीत, उत्पलाच्या बोटातून रक्त घेतलं. बदल्यात तिला दोन संत्री मिळाली.

*

संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत गारवा, फरशी धुतलेली, यंत्रावर पांढरी चादर.

"या. देवघरात या," लहानूभाऊ म्हणाले. प्रयोगशाळेतले ते जुने शिपाई. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. "देवाले उठवू काय?"

"उठवा. तुमचा नंबर कोणता हो ह्या विसांत?"

"माहा कुठचा? यंदा मोठ्यायचं रक्त चालत नाही म्हणते. पंधरा वर्षं बोट टोचून देऊन राहिलो मी या लॅबले. माह्या रक्तावर तीन जण डॉक्टर झाले, अन् मी अजून टेबलं पुसून राहिलो."

शामला हसली आणि बसली. पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकत होती. दर फोटोतली एक पेशी घ्यायची, तिच्या कडेवरचे चाळीस बिंदू आलेखाच्या कागदावरून मोजायचे. आडवा किती, उभा किती, एकेक आकडा दाबायचा. चाळीस झाले की प्रोग्राम क्षणभर गप्प व्हायचा आणि मग एक आकडा द्यायचा. पेशी पूर्ण गोल असेल तर एक. जितकी ती लांबेल, वाकेल, पाय काढेल, तितका आकडा खाली. तेरा नंबरचं लेकरू ०.५८, ०.६३, ०.५१ असं खाली-वर करत खुशाल हिंडत होतं.

चौदा नंबर: ०.९६. ०.९७. ०.९६. ०.९६. ०.९७.

तिसऱ्या दिवशी वीसच्या वीस नंबर पुरे झाले. छपाईयंत्राने करकरत कागदाची लांब पट्टी बाहेर सोडली आणि बोकारे सर स्वतः खाकी पाकीट घेऊन आले. लाख फोडताना ते शीळ घालत होते.

"एक, आजारी. बरोबर. दोन, निरोगी. वा. तीन, निरोगी... शामलाबाई, तुमचा हात सोन्याचा आहे." असं करत करत ते तेरापर्यंत आले. "तेरा, निरोगी. चौदा..."

शीळ थांबली.

त्यांनी यादी डोळ्यांजवळ धरली, मग पट्टी पाहिली, मग पुन्हा यादी.

"चौदा काय, सर? आजारी ना?" शामलाने विचारलं. "मला काढतानाच वाटलं होतं. बिचारं."

"चौदा निरोगीत आहे."

"कसं शक्य आहे? कोणाचं आहे ते?"

सरांनी यादी टेबलावर पालथी ठेवली. "त्या दिवशी थंडी फार होती. काचपट्टी गार पडली असेल. गारठ्यात पेशी हलत नाहीत, ते तुम्हाला माहीत आहे."

तिला माहीत होतं. तिला हेही माहीत होतं की थंडीच्या त्या दिवशी एकाच लेकराचं रक्त घेतलं होतं.

खोलीत यंत्राचा पंखा घुमत होता. शामलाने पट्टीवर चौदा नंबरची ओळ शोधली. मग सरांचा आवाज आला, फार सावकाश, आजारी मुलांच्या आयांशी बोलताना ते वापरत तसा. "उद्या पोरीला पुन्हा आणा. सकाळीच. आणि तोवर चौदाच्या कागदांवरून एकदा नजर फिरवा. पेन्सिल चुकलीही असेल."

पेन्सिल चुकली असेल. हे वाक्य तिने पदराच्या गाठीला बांधावं तसं घरी नेलं.

*

त्या दुपारी उत्पला झोपली नाही. आजीजवळ बसून सुपारीची टरफलं वेचत होती. शामलाने चौदाचे तीसही फोटो पुन्हा मांडले. भिंग घेतलं. एकेक कड पुन्हा तपासली. कुठे सावली कापली गेली असेल, कुठे पातळसा पाय दिसायचा राहिला असेल. कुठेच नव्हता. पेन्सिल चुकली नव्हती. आयुष्यात कधी नव्हे इतकी बरोबर चालली होती.

मग तिने एक नवा कागद घेतला.

सोळावा फोटो, डावीकडची पेशी. कड उतरवताना उजव्या बाजूला तिने हात थोडा सैल सोडला. एक पाय काढला. छान लांब, टोकाला गोलसर, जसा तेरा नंबरच्या लेकराचा असतो. मागचं अंग जरा चिंचोळं केलं. पेशी निघाली. कुठेतरी निघाली, कुणीतरी बोलावलं म्हणून. शामला त्या चित्राकडे किती वेळ बघत राहिली कोण जाणे.

"आई, हे कोण?" उत्पला कधी मागे येऊन उभी राहिली होती.

"कोणी नाही गं. आंबोडा आहे."

"याले शेपूट आहे."

"हो. पळतो आहे तो."

"मले दे."

"नाही. हा कामाचा आहे," शामला म्हणाली आणि कागद पिशवीत घातला.

*

दुसऱ्या दिवशी ती उत्पलाला घेऊन सर यायच्या तासभर आधी पोचली. लहानूभाऊंनी पोरीला उन्हात ओट्यावर बसवलं.

"काय गा आजोबा, आज पण टोचता काय?" उत्पलाने विचारलं.

"आज मले बी टोचतात. आपण दोघंही रडू. कोण मोठ्यानं रडते ते पाहू."

"मी नाही रडत. मले पू पण नाही होत."

शामलाने चपला काढल्या आणि आत जाऊन यंत्र सुरू केलं. पिशवीतला कागद काढला. चाळीस बिंदू मोजले. आडवा, उभा. आडवा, उभा. दोन आकडे चुकले, ते पुन्हा दाबले. प्रोग्राम क्षणभर गप्प झाला.

०.७१.

तिच्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला की तिला स्वतःलाच ऐकू आला. ०.७१. चालतं लेकरू. निरोगी लेकरू. असे तीस कागद काढले की झालं. दोन दुपारी पुरतील. सरांनाही हेच हवं आहे. ते म्हणाले नाहीत का, पेन्सिल चुकली असेल म्हणून?

हिरवी रेघ पुढच्या पेशीची वाट बघत लुकलुकत होती. शामला त्या रेघेकडे बघत होती आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं की हे यंत्र तिला काही म्हणजे काही विचारणार नाही. तिने दहा पाय काढले तर दहा मानेल. तिने घोडा काढला तर घोड्याचाही आकडा देईल. आणि यादीत चौदा नंबरपुढे निरोगी असंच राहील, पट्टीवर ०.७१ राहील, आणि बाहेर ओट्यावर ती नडगी तशीच राहील. पुढच्या वेळी नडगी नसेल. दात असेल, कान असेल, पोटात काही असेल. तेव्हा दारावर थाप पडेल, आणि आत एवढी माणसं असून कुणी उठणार नाही, आणि आपण सगळ्यांना सांगून बसलेले असू की पोरीचं रक्त साफ आहे.

तिने आकडा पुसला. कागदाचे चार तुकडे केले, मग आठ.

*

सरांनी ह्या वेळी काहीही गारठ्यावर सोडलं नाही. काचपट्टी आधीच डब्यात बल्बखाली ठेवून कोमट केली होती. सूक्ष्मदर्शकाभोवती त्यांनी पुठ्ठ्याची पेटी बसवली, आत थर्मामीटर. पारा सदतिसावर येईपर्यंत ते हात चोळत उभे राहिले. एकाच काचेवर दोन थेंब: डावीकडे लहानूभाऊंचा, उजवीकडे उत्पलाचा. लहानूभाऊ आधी रडले, कबूल केल्याप्रमाणे मोठ्याने. उत्पला हसता हसता बोट देऊन मोकळी झाली.

सरांनी डोळा लावला. मिनिट गेलं. दोन गेली. त्यांनी काच जरा सरकवली, पुन्हा पाहिलं, पुन्हा पारा पाहिला. मग डोळा न काढताच विचारलं, "शामलाबाई, हिची नाळ कधी पडली होती?"

प्रश्न इतका भलत्याच दिशेने आला की ती आधी गोंधळलीच. मग तिला सगळं आठवलं. नाव ठेवायचं म्हणून पाहुणे बोलावलेले, भन्तेजींना वेळ विचारलेली, आणि तुळसाबाई म्हणाल्या, नाळ पडू दे, मग ठेवू. आठवडा लांबवला. मग आणखी एक. शेजारणी कुजबुजायला लागल्या तेव्हा तुळसाबाईंनी नातीला छातीशी धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, माया लावणारी आहे माही पोट्टी, आईले सोडून नाही राहिली. केवढं गोड वाटलं होतं ते तेव्हा शामलाला. बाळंतिणीच्या खाटेवर ती त्या वाक्यावर रडली होती.

"छत्तिसाव्या दिवशी," ती म्हणाली.

सरांनी काच आणखी जरा सरकवली.

"आणि पू कधीच नाही?"

"नाही, सर."

"कधीच?"

"आम्हाला वाटलं, चांगलं आहे."

सरांनी डोळा काढला. चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "पू म्हणजे ह्या पेशीच, बाई. तिथवर पोचलेल्या, लढून मेलेल्या. नाळ गळायलाही ह्याच लागतात. पू नाही म्हणजे..." त्यांनी चष्मा घातला. "मुंबईला एक डॉक्टर आहेत. मी आजच पत्र लिहितो. आनंदराव कधी येतात परत?"

"परवा."

"परवा दोघं मिळून या."

"मले पाहू द्या ना!" उत्पला त्यांच्या मधे घुसली होती. "मी रक्त दिलं. मले पाहू द्या."

लहानूभाऊंनी तिला स्टुलावर उभं केलं, एक डोळा हाताने झाकून दुसरा नळीला लावून दिला. काच डावीकडे सरकवली.

"हे माहे पैलवान. दिसले काय?"

"दिसले. चालून राहिले!" उत्पला किंचाळली. "हा लांब झाला. हा वाकडा झाला. आजोबा, तुमचा एक तर पळूनच गेला!"

"त्याले घाई असन. आता थांब, तुहे पाहू." लहानूभाऊंनी शामलाकडे पाहिलं. शामलाने मान हलवली की नाही ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यांनी काच उजवीकडे सरकवली.

उत्पला बघत राहिली. पायाच्या चवड्यांवर उंच झाली. श्वास रोखून, एका डोळ्याने, फार वेळ. शामलाचा हात तिच्या पाठीवर होता. पातळ फ्रॉकखाली ती इवलीशी पाठ उबदार होती आणि श्वासाबरोबर वरखाली होत होती.

"किती सारे आहेत," ती म्हणाली.

"हो."

"आई, माहे झोपून राहिले काय?"

शामलाने तोंड उघडलं. हो म्हणणं इतकं सोपं होतं. तिने ते म्हटलंही असावं, कारण उत्पलाने मान डोलावली, नळीवरचा डोळा काढला आणि वळून तिच्याकडे पाहिलं.

"मग त्यायले उठवन कोण?"